फारसी शिकायचंय? सुरुवात 'बंदोबस्त'पासून करा

गणपतीच्या दिवसांत चौकाचौकात पोलीस बंदोबस्त असतो, आणि हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो, बोलतो की तो कुठून आला असेल हे मनातही येत नाही. मी फारसी शिकायला लागले तेव्हा तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात हा शब्द अचानक माझ्यासमोर उलगडला, आणि त्या दिवसापासून ही भाषा मला परकी वाटेनाशी झाली. बंद-ओ-बस्त. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे. या क्रियापदाचं वर्तमानकाळाचं मूळ 'बंद', भूतकाळाचं मूळ 'बस्त', आणि मधला 'ओ' म्हणजे 'आणि'. म्हणजे एकाच क्रियापदाची दोन्ही मुळं एका शब्दात बांधून ठेवलीयत! आणि फारसी शिकणारा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो नेमका याच जागी, की प्रत्येक क्रियापदाला दोन मुळं का असतात आणि कुठलं कधी वापरायचं.

म्हणून हा लेख. फारसीचं ग्रामर इंग्रजी पुस्तकातून शिकताना अवघड वाटतं, पण मराठी माणसाकडे त्याचे निम्मे तुकडे आधीच आहेत. १३४७ साली बहमनी राज्य आलं, मग निजामशाही, आदिलशाही, मोगल, आणि या सगळ्या काळात दफ्तराची भाषा फारसी होती, त्यामुळे जमीन, कोर्ट, सैन्य, हिशोब सगळीकडे ती मराठीत मुरली. इतकी मुरली की शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. अष्टप्रधानांची पदंही बदलली, पेशव्याचा पंतप्रधान झाला, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. तरी आपण आजही पेशवेच म्हणतो, आणि वाकनीस आणि डबीर ही आडनावं तर आहेतच.

तर आधी ती दोन मुळं. फारसी क्रियापदाच्या मूळ रूपाच्या शेवटी कायम 'अन' असतं. तेवढं काढून टाकलं की भूतकाळाचं मूळ मिळतं, इथे काही डोकं लावावं लागत नाही. नेवेश्तन म्हणजे लिहिणे, त्याचं भूतकाळाचं मूळ नेवेश्त. वर्तमानकाळाचं मूळ मात्र बऱ्याच नेहमीच्या क्रियापदांत वेगळंच असतं आणि ते पाठ करण्यावाचून इलाज नाही. नेवेश्तनचं 'नेवीस'. आता हा नेवीस ओळखीचा वाटतोय का? जुना उच्चार 'नवीस', आणि आपल्या तोंडी झिजत झिजत तो झाला 'नीस'. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फर्द म्हणजे यादी लिहिणारा फडणीस (फडणवीस या रूपात तर 'नवीस' अख्खा शाबूत आहे), फारसी लिहिणारा पारसनीस, वाकिया म्हणजे घडलेली हकीकत लिहिणारा वाकनीस. आणि रोज लिहायची ती रोजनिशी.

इथे समासाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाती लागतो. नाम घ्या, त्याला वर्तमानकाळाचं मूळ जोडा, की 'ते करणारा' किंवा 'ते करणारी वस्तू' तयार. बस एवढंच. दाश्तन म्हणजे जवळ असणे, बाळगणे, मूळ 'दार', म्हणून सिलाह म्हणजे हत्यार बाळगणारा तो शिलेदार. गेरेफ्तन म्हणजे घेणे, मूळ 'गीर', म्हणून बार म्हणजे ओझं घेणारा तो बारगीर. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं असायचं, बारगिराला ते सरकारातून मिळायचं, आणि हा फरक त्या दोन मुळांतच दिसतो, एक 'बाळगतो' आणि दुसरा 'घेतो'. जहागीरमध्येही हाच गीर, 'जा' म्हणजे जागा. दीदन म्हणजे पाहणे, मूळ 'बीन', म्हणून दूरचं पाहणारी ती दुर्बीण. अंदाख्तन म्हणजे फेकणे, मूळ 'अंदाज़', म्हणून तीर फेकणारा तिरंदाज आणि गोळा फेकणारा गोलंदाज, जो आधी तोफेमागे उभा असायचा आणि आता क्रिकेटच्या मैदानात धावत येतो. पूशीदन म्हणजे झाकणे, अंगावर घालणे, मूळ 'पूश', त्याचा आपल्याकडे पोस झाला, म्हणून पलंगपोस, पायपोस. खोर्दन म्हणजे खाणे, मूळ 'खोर', आणि हा तर मराठीने इतका आपलासा केला की त्याला भांडण, लाच काहीही जोडलं, भांडखोर काय, लाचखोर काय.

हाच साचा इराणमध्ये आज रोज चालतो. दूरबीन म्हणजे तिथे कॅमेरासुद्धा. खोद म्हणजे स्वतः, म्हणून खोदनेवीस म्हणजे शाईचं पेन, स्वतः लिहिणारं. हवापेयमा म्हणजे विमान, हवेतून वाट कापणारं. केताबफोरूशी म्हणजे पुस्तकांचं दुकान, फोरूख्तन म्हणजे विकणे आणि त्याचं मूळ 'फोरूश'. शहरदार म्हणजे महापौर आणि शहरदारी म्हणजे नगरपालिका, आणि हा शब्द काही जुना नाही, १९३५ साली तेहरानमध्ये फरहंगेस्तान नावाची भाषेची अकादमी सुरू झाली तिने परक्या शब्दांच्या जागी असे घरचे शब्द घडवून दिले. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण शहर, दार आणि ई हे तिन्ही तुकडे आपल्याकडेही आहेत पण ते असे जोडायचं आपल्याला सुचलं नाही.

आता वाक्यात क्रियापद कसं चालतं ते बघू. वर्तमानकाळात पुढे 'मी' लावायचा (हा आपला मी नाही, नुसता प्रत्यय आहे), मग वर्तमानकाळाचं मूळ, मग कर्त्याचा प्रत्यय:

मी-नेवीसम, मी लिहितो किंवा लिहिते
मी-नेवीसी, तू लिहितोस किंवा लिहितेस
मी-नेवीसद, तो किंवा ती लिहिते
मी-नेवीसीम, आम्ही लिहितो
मी-नेवीसीद, तुम्ही लिहिता
मी-नेवीसंद, ते लिहितात

भूतकाळात 'मी' जातो आणि मूळ बदलतं, नेवेश्तम, नेवेश्ती, नेवेश्त, नेवेश्तीम, नेवेश्तीद, नेवेश्तंद. तृतीय पुरुषी एकवचनाला भूतकाळात प्रत्ययच नाही, नुसतं मूळ. नकार करायचा तर पुढे 'न' लावायचा, ननेवेश्तम म्हणजे लिहिलं नाही, आणि वर्तमानात तो 'ने' होतो, नेमी-नेवीसम. दाश्तन तेवढं वेगळं चालतं, त्याला 'मी' लागत नाही, नुसतं 'दारम' म्हणजे माझ्याकडे आहे.

बघा, यात पुल्लिंग स्त्रीलिंग कुठेच नाही. 'रफ्तम' म्हणजे गेलो पण आणि गेले पण. तो आणि ती दोघांनाही एकच शब्द, 'ऊ'. टेबल ते की तो, खुर्ची ती की ते असला प्रश्नच येत नाही. शिवाय मराठीत भूतकाळ झाला की 'त्याने पत्र लिहिलं, त्याने चिठ्ठी लिहिली' असं क्रियापद कर्माच्या मागे जातं, फारसीत ते कायम कर्त्याबरोबर राहतं. आपल्या मुलांना मराठी शिकवताना जे अवघड जातं ते सगळं फारसीने सोडून दिलंय असं समजा. वाक्याचा क्रम आपल्यासारखाच, कर्ता, कर्म, क्रियापद. ठरावीक एखाद्या वस्तूबद्दल बोलत असलो तर कर्माला 'रा' लागतो. केताब खान्दम म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलंतरी, आणि केताब रा खान्दम म्हणजे ते पुस्तक वाचलं, आपलं बोलणं झालं होतं ते.

आता बस्ता. आमचा क्लास ऑनलाइन होता, शिकवणाऱ्या बाई इराणी, आणि एके दिवशी त्यांनी दोरीने बांधलेलं खाकी कागदाचं पार्सल कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या 'बस्ते'. मला एकदम आमच्या घरातल्या लग्नाचा बस्ता आठवला, दुकानात गादीवर बसून साड्या निवडल्यावर शेवटी सगळं एकत्र करून गाठ मारतात तो. भूतकाळाच्या मुळाला 'ए' लावला की 'झालेलं, केलेलं' असा अर्थ येतो. बस्त, बस्ते, म्हणजे बांधलेलं. नेवेश्ते म्हणजे लिहिलेलं, दीदे म्हणजे पाहिलेलं. आणि गोज़श्तन म्हणजे सरणे, त्याचं गोज़श्ते म्हणजे सरलेलं, आणि हे म्हणजे आपलं गुदस्ता! आमच्याकडे गावाला अजून म्हणतात, गुदस्ता पाऊस बरा होता. इराणमध्ये साल-ए गोज़श्ते म्हणजे गेल्या वर्षी, रोजच्या बोलण्यातला शब्द.

क्रियापदाच्या आधी छोटी उपपदंही लागतात, आणि त्याची माझी आवडती जोडी म्हणजे बरखास्त आणि दरखास्त. दिसायला जुळी भावंडं, पण मुळं वेगळी. 'बर' म्हणजे वर, खास्तन म्हणजे उठणे, बरखास्त म्हणजे उठला, म्हणजे दरबार उठला, सभा उठली. दरखास्तमधला खास्तन म्हणजे मागणे, इच्छिणे, म्हणून तो अर्ज. फारसी लिपीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे, मागण्याच्या खास्तनमध्ये 'वाव' हे एक अक्षर लिहितात पण ते वाचत नाहीत. कानाला मात्र काही फरक कळत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. खरा गोंधळ होतो तो 'एज़ाफे'मध्ये, आणि इथे घाई करू नका.

मराठीत 'माझं पुस्तक' म्हणताना ज्याचं आहे तो आधी येतो. फारसीत वस्तू आधी, मग एक छोटासा 'ए', मग ज्याचं आहे तो. केताब-ए मन, माझं पुस्तक. विशेषणही तसंच मागून येतं, गोल-ए सोर्ख म्हणजे लाल फूल. आणि हे एकामागे एक डबे जोडल्यासारखं वाढत जातं, केताब-ए बरादर-ए बोज़ोर्ग-ए मन, माझ्या मोठ्या भावाचं पुस्तक, जे आपल्याला शेवटाकडून उलटं वाचत यावं लागतं. कोहिनूर म्हणजे कूह-ए नूर, कूह म्हणजे डोंगर, नूर म्हणजे प्रकाश, प्रकाशाचा डोंगर. शब्द स्वरावर संपला तर 'ए' ऐवजी 'ये', जसं नामे-ये मन म्हणजे माझं पत्र.

पण जोडशब्दात मात्र क्रम बरोबर उलटा, म्हणजे आपल्यासारखा. देवघर म्हणजे देवाचं घर, तसंच मेहमानखाने म्हणजे पाहुण्यांसाठीचं घर, उतरायची जागा. तेच खाने-ये मेहमान म्हटलं तर पाहुण्याचं स्वतःचं घर. तुकडे तेच, क्रम फिरला की अर्थ फिरला. गोल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, गोलाब म्हणजे फुलाचं पाणी, आणि इराणमध्ये गोलाब म्हणजे आजही गुलाबपाणीच. आपण त्या पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्यासाठी परत 'पाणी' जोडलं, त्यामुळे गुलाबपाण्यात पाणी दोनदा आहे. तसंच ज़र्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे अलुबुखाऱ्यासारखं फळ, म्हणून पिवळा आलू तो जरदाळू. शीर म्हणजे दूध, खोर्मा म्हणजे खजूर, शीरखुर्मा. काही शब्द मात्र आधी एज़ाफेचे होते, बोलता बोलता 'ए' गळून एकजीव झाले, त्यांचा क्रम फारसी वळणाचाच राहिला, उदाहरणार्थ सीबज़मीनी, सफरचंद-जमिनीचं, म्हणजे बटाटा.

आता वाईट बातमी. हा 'ए' लिहीत नाहीत. फारसी लिपीत अरबीची २८ अक्षरं आणि वर प, च, ग आणि झ्ह अशी चार, एकूण ३२, पण ऱ्हस्व स्वर सहसा लिहायची पद्धतच नाही. त्यामुळे समोर दोन शब्द शेजारी दिसले की त्यांच्यात 'ए' आहे की नाही हे अर्थावरून ठरवावं लागतं. मी सहा महिने प्रत्येक ओळ पेन्सिलने खुणा करून वाचली, आणि खरं सांगते, दुसरा उपाय नाही. वाचत गेलं की सवय होते.

उच्चाराबद्दल थोडं, कारण आपल्याकडची फारसी जुन्या उच्चाराची आहे आणि इराणमध्ये पुढे उच्चार बदलले. एक सोपा हिशोब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आपल्याकडे शेवटी 'आ' असेल तर तिकडे 'ए', म्हणून नामा, कारखाना, हप्ता, बस्ता यांचं नामे, कारखाने, हफ्ते, बस्ते. आपला 'रोज' तिकडे 'रूज़', 'किताब' तिकडे 'केताब', 'गुल' तिकडे 'गोल'. आणि 'शेर' तिकडे 'शीर', त्यामुळे सिंह आणि दूध दोन्ही शीर, शिवाय नळालाही शीरच म्हणतात. बोलताना तेहरानची माणसं आणखी आवळतात, नानचं नून, खानेचं खूने, मी-रवमचं मीरम. आपण पुस्तकात 'केले' लिहितो आणि तोंडाने 'केलं' म्हणतो, तशातलंच ते.

क्रियापदांचे जोडशब्द हा वेगळाच खजिना आहे. फारसीत साधी क्रियापदं कमी, बहुतेक कामं नाम अधिक कर्दन म्हणजे करणे, ज़दन म्हणजे मारणे, खोर्दन म्हणजे खाणे अशा जोड्यांनी होतात, जसं आपण काम करणे, फोन मारणे म्हणतो. सीगार केशीदन म्हणजे शब्दशः सिगारेट ओढणे. कोतक खोर्दन म्हणजे मार खाणे. ज़मीन खोर्दन म्हणजे जमीन खाणे नाही, पडणे. हर्फ ज़दन, अक्षर मारणे, म्हणजे बोलणे. दूस्त दारम म्हणजे मला आवडतं. आणि तमाशा कर्दन म्हणजे नुसतं बघणे, त्यामुळे इराणी बाई 'टेलिव्हिजन तमाशा मी-कोनम' म्हणाल्या की त्या टीव्ही बघतायत एवढंच.

म्हणजे ओळखीच्या शब्दांपासून थोडं सावधही राहायचं. बाज़ू म्हणजे तिथे दंड, आपल्याकडे तो अर्थ बाजूबंदात राहिला. दारू म्हणजे औषध, आणि आपण औषध आणायला जाताना दवादारू म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. तिथे दारूखाने अशी पाटी दिसली तर ते केमिस्टचं दुकान आहे. अनेकवचन साधं आहे, 'हा' लावायचा, केताबहा म्हणजे पुस्तकं, माणसांना कधीकधी 'आन', आणि आकड्यानंतर अनेकवचन करायचंच नाही, पंज केताब. पण अरबीतून आलेल्या शब्दांची अनेकवचनं आतून मोडून होतात. हालचं अहवाल. आपण ऑफिसात अहवाल सादर करतो, तिथे 'अहवाल-ए शोमा?' म्हणजे कसे आहात तुम्ही, आणि शोमा म्हणजे तुम्ही, आदरार्थी. तू साठी 'तो'. मोठ्या माणसाला तो म्हणायचं नाही, आपल्यासारखंच.

एक शेवटचं. निवडणुकीत पोस्टरवर असतो तो उमेदवार, म्हणजे आशा बाळगणारा. इराणमध्ये 'ओमीदवारम' म्हणजे मला आशा आहे, रोज वापरतात. आता हे वाक्य बघा, क्लासच्या शेवटी बाईंनी मला एका मेलमध्ये लिहिलं होतं:

ओमीदवारम नामे-ये हफ्ते-ये गोज़श्ते रा दीदे बाशीद.

उमेदवार आहे मी. नामा, हप्ता, गुदस्ता, मध्ये दोन एज़ाफे, म्हणजे गेल्या आठवड्याचं पत्र. रा, म्हणजे ते ठरावीक पत्र. दीदे, म्हणजे दुर्बिणीतल्या बीनचं भूतकाळी रूप, पाहिलेलं. बाशीद, तुम्ही असाल. मला आशा आहे की गेल्या आठवड्याचं पत्र तुम्ही पाहिलं असेल.